डीए मशीन आणलं, पण पॅड कुठलं लावू? (काळ्या गाडीवरची जाळी)

फिरस्ता४७ (पुणे)

मंडळी, गाडी काळी, सहा वर्षांची. दिवसा बरी दिसते. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी राहिली की बॉनेटवर दिव्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. मागच्या दिवाळीत एका ठिकाणी रबिंग-पॉलिश करून घेतलं. त्यांनी तासाभरात गाडी आरशासारखी करून दिली. मी खूश, पैसे दिले, पेढेही दिले. तीन-चार धुण्यांत जाळं जागच्या जागी परत! वर उन्हात तिरकं बघितलं की पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे दिसतात, ते पूर्वी नव्हते.

म्हणून आता स्वतःच करायचं ठरवलंय. डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशिंग मशीन घेतलं, 15 मिमी थ्रोचं (पॅड तेवढ्या घेराने झोके घेतं), सोबत पॅड चिकटवायची 5 इंची बॅकिंग प्लेट. पैसे तिथेच संपले. आता पॅड बघायला गेलो तर निळी, पिवळी, नारिंगी, पांढरी, काळी, शिवाय लोकरीची आणि मायक्रोफायबरची. दुकानदार म्हणतो तीन पॅडचा सेट घ्या, जन्मभर पुरेल. खरं आहे का? कुठली घेऊ, किती घेऊ, आणि धुवायची कशी?

---

मायक्रॉन (चाकण)

पहिलं म्हणजे तुमच्या दिवाळीच्या पेढ्यांबद्दल. स्वस्त कंपाऊंडमध्ये (म्हणजे जास्त घासणाऱ्या खरखरीत पॉलिशमध्ये) तेलं आणि मेणासारखी भर असते, ती ओरखड्यात जाऊन बसते. ओरखडा बुजत नाही, झाकला जातो. शाम्पूने भर निघाली की आत जे होतं ते दिसतं. आणि ते पट्टे म्हणजे होलोग्राम. रोटरी, म्हणजे नुसत्या गोल फिरणाऱ्या मशीनवर खरखरीत लोकरीचं पॅड फिरवलं आणि नंतर मऊ पॅडचा हात दिलाच नाही, की ते उरतात.

आता पॅड. रंगावर जाऊ नका. पॅडच्या रंगांना कसलंही प्रमाण नाही, प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा. रुपेसचं पिवळं फोम पॅड बारीक फिनिशिंगकडचं आहे. केमिकल गाईजच्या हेक्स-लॉजिक मालिकेत पिवळं म्हणजे सगळ्यात जास्त कापणारं. रुपेसचं निळं खरखरीत, तिकडचं निळं मऊ. म्हणजे एकाचा व्हिडिओ बघून दुसऱ्याचं पॅड लावलंत तर नेमकं उलटं काम होईल. पाकिटावर कटिंग, पॉलिशिंग की फिनिशिंग हे लिहिलेलं असतं, तेवढं वाचा. नाहीतर बोटाने दाबून बघा. कडक, चटकन परत उसळणारा फोम जास्त कापतो, लोण्यासारखा दबणारा कमी.

एक हिशोब डोक्यात असू द्या. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर कोट (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडी असते. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा पातळ. तुमचं जाळं त्या क्लिअर कोटच्या अगदी वरच्या थरात आहे. पॉलिश करणं म्हणजे ओरखडा भरणं नाही, त्याच्या आजूबाजूची जमीन खाली आणणं. ऊन सोसणारी द्रव्यं त्याच थरात असतात, त्यामुळे जमीन किती खाली आणायची याला मर्यादा आहे. नख अडकतं असा ओरखडा असेल तर त्याच्या मागे लागू नका.

म्हणून सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने. मधलं पॉलिशिंग पॅड आणि बारीक पॉलिश, बॉनेटवर फूट-दीड फुटाचा तुकडा, चारी बाजूंनी मास्किंग टेप. जाळं गेलं? संपलं, तीच जोडी सगळ्या गाडीला. नाही गेलं तर आधी पॅड बदला, पॉलिश तेच ठेवा. तरीही नाही, तर मग कंपाऊंड.

---

सांडपेपर (कोल्हापूर)

मायक्रॉनसाहेबांनी बरोबर सांगितलं, पण लोकरीची बदनामी नको राव. उद्यमनगरात बावीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. नवीन रंग मारल्यावर 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलेला पत्रा फोमने उजळवत बसलो तर गिऱ्हाईक म्हातारं होईल. लोकर झपाट्याने कापते आणि फोमपेक्षा कमी तापते, तंतूंतून हवा खेळते म्हणून. दोष लोकरीचा नाही. एकच पॅड सकाळपासून सतरा गाड्यांवर फिरवतात, वाळलेल्या कंपाऊंडचे खडे त्यात तसेच, मधेच ते जमिनीवर ठेवतात, उचलून परत गाडीवर. ते पॅड नाही, तो पॉलिश पेपर झाला.

दुकानदाराला माझा नमस्कार सांगा. तीन पॅडमध्ये एक गाडी होत नाही, जन्म लांबच. फोम ओला झाला की मऊ पडतो, कापणं बंद होतं, तापायला लागतो. मग माणूस काय करतो, जोर लावतो. जोर लावला की आणखी तापतो. शेवटी वेल्क्रोचा डिंक सुटतो आणि पॅड उडून शेजारच्याच्या गाडीवर.

माझं गणित: बॉनेटला एक, छताला एक, दोन दारांना मिळून एक. छोट्या गाडीला एका जातीची पाच-सहा पॅड. तुम्हाला मधली पॉलिशिंगची सहा, कटिंगची दोन, फिनिशिंगची दोन पुरे. मशीन थोडं स्वस्तातलं चाललं असतं, पॅडवर खर्च करायचा होता. पण आता घेतलंय तर घेतलंय.

---

एक_वाचक

घरी अँगल ग्राइंडर आहे, त्याला स्पंज पॅड लावून चालेल का? ऑनलाइन दिसतात तसली.

---

सांडपेपर (कोल्हापूर)

नको. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11000 च्या आसपास फिरतो. पॉलिशिंगची रोटरी 600 ते 3000 मध्ये खेळवतात. ग्राइंडरला पॅड लावलंत तर क्लिअर कोट किती मायक्रॉन होता हे मोजायची गरजच उरणार नाही.

---

मृद्गंध (ठाणे)

मी डॉक्टर किंवा इंजिनिअर नाही, रविवारची हौशी. गेली चार वर्षं स्वतःची आणि भावाची गाडी करते. पहिल्या वर्षी केलेल्या चुका सांगते, त्या जास्त उपयोगी पडतील.

एक, प्लेट आणि पॅडचं माप. 5 इंची प्लेटला पॅड साडेपाच इंचाचं हवं. मी नेमकं प्लेटएवढंच घेतलं होतं. दाराच्या हँडलखाली प्लेटची कडा लागली आणि अर्धचंद्राकृती खूण उठली. ती अजून आहे. भाऊ म्हणतो नजर लागू नये म्हणून ठेवलीय.

दोन, जाड पॅड. मला वाटलं जाड म्हणजे टिकाऊ. पण डीएचं हलणं त्या जाडीतच जिरतं, रंगापर्यंत पोचत नाही. पातळ पॅड सपाट पत्र्यावर खूप चांगलं चालतं. वळणावर मात्र थोडं जाड, लवचिक हवं.

तीन, आणि ही सगळ्यात मोठी. माझं पॅड फिरतच नव्हतं! डीएमध्ये पॅड थरथरतं आणि गोलही फिरतं. तिरकं धरलं किंवा जास्त दाबलं की नुसतं थरथरत राहतं. आवाज तोच, त्यामुळे कळत नाही. अख्खं एक दार मी असं नुसतं गुदगुल्या करून सोडलं होतं. उपाय फुकटचा आहे. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारा. चालवताना रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसली नाही तर हात हलका करा, पॅड पत्र्याला सपाट लावा.

सांडपेपरदादा, सहा पॅड एकदम घेणं सगळ्यांना जमत नाही. मी तीनवरच भागवते, फक्त मधेमधे साफ करते. दर तुकड्यानंतर मशीन मंद सुरू ठेवून पॅडवर नायलॉनचा मऊ ब्रश धरते, मग जाडसर टॉवेलवर दाबून पुसते. टॉवेलवर जो राखाडी चिखल उतरतो ना, तो तुमच्या गाडीचा क्लिअर कोट आणि वापरून संपलेलं पॉलिश. तो पॅडमध्ये राहिला तर पुढच्या तुकड्यावर गोळ्या होऊन घासला जातो.

---

सांडपेपर (कोल्हापूर)

मृद्गंधताई, बरोबर आहे तुमचं. माझ्याकडे कॉम्प्रेसर आहे, हवेचा फवारा मारला की काम होतं, म्हणून ब्रश विसरलो. लोकरीच्या आणि मायक्रोफायबरच्या पॅडला तर हवेसारखं दुसरं काही नाही, दबलेले तंतू परत उभे राहतात.

---

फिरस्ता४७ (पुणे)

सगळ्यांचे आभार. मशीनवर उडवलेल्या पैशांचा विषय घरी काढलेला नाही, इथेही नको.

मायक्रोफायबर पॅड घ्यावं का, हे कोणी बोललंच नाही. दुकानदार म्हणतो ते सगळ्यात भारी, एका फेरीत जाळं गायब.

---

मायक्रॉन (चाकण)

दुकानदार या वेळी अर्धं खरं बोलतोय. मायक्रोफायबरची चकती डीएवर फोमपेक्षा चांगलीच जास्त कापते. पण मागे बारीक धूसरपणा सोडते, आणि काळ्या गाडीवर तो हमखास दिसतो. मग फोमचा दुसरा हात द्यावाच लागतो. शिवाय प्रत्येक तुकड्यानंतर साफ केली नाही तर तंतू चिकटून त्यांची घोंगडी होते. हट्टी जाळ्यासाठी एक-दोन ठेवा, सुरुवात त्यांनी नको.

फोमची पॅड लावण्याआधी थोडी तयारीही लागते. कोऱ्या सुक्या पॅडवर थेंब टाकून सुरू केलंत तर जिथे थेंब तिथेच कापेल, बाकी फोम सुका घासेल. पहिल्यांदा बोटाने पॉलिश पॅडच्या सगळ्या तोंडावर पातळ चोळून घ्या. त्यानंतर दर तुकड्याला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. जास्त टाकलं म्हणजे जास्त चमकत नाही, उलट पॅड बुळबुळीत होऊन घसरतं. मशीन सेकंदाला इंचभर अशा चालीने, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. आधी आडवं, मग उभं.

कडांना आणि दारावरच्या उठावदार रेषांना टेप लावा, तिथे रंग मुळातच पातळ बसतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर जपूनच. पत्रा उष्णता पसरवतो, प्लॅस्टिक तिथल्या तिथे धरून ठेवतं. आणि जाडी मोजायचं आपलं साधं मीटर बंपरवर चालत नाही, तिथे सगळं अंदाजपंचे.

---

आंब्याची_पेटी (कुडाळ)

धुण्याचं कोणी नीट सांगेल का? मी गेल्या जूनमध्ये पॅडं धुवून डब्यात ठेवली, गणपतीत उघडली तर आतून शेवाळाचा वास आणि काळे ठिपके. आमच्याकडे पावसात शर्ट चार दिवस वाळत नाही, पॅड कुठून वाळणार! पंख्याखाली ठेवली तर बायको म्हणते भांडी घासायची स्पंज दिवाणखान्यात कशाला.

---

मृद्गंध (ठाणे)

तुमचा डबा हाच घोटाळा आहे. ओलं पॅड कधीच झाकू नका.

मी असं करते. काम संपल्याबरोबर, कंपाऊंड वाळायच्या आत, पॅड साध्या पाण्याच्या बादलीत टाकते. वाळलं की ते फोमच्या भोकांत चुन्यासारखं धरतं आणि मग निघत नाही. नंतर कोमट पाण्यात पातळ केलेलं लिक्विड डिटर्जंट किंवा ऑल पर्पज क्लीनर, बोटाने दाबत, चुरगळत. पिळायचं नाही, पिळलं की फोम मधून फाटतो आणि वेल्क्रोची कडा उचकटते. उकळतं पाणी नको, डिंक सुटतो. कपड्यांची पावडरही नको, न विरघळलेले कण आत राहतात. मायक्रोफायबरला फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, तंतूंवर थर बसतो. फेस पूर्ण जाईपर्यंत खंगाळायचं, साबण राहिला तर पुढच्या वेळी पॉलिश विचित्र चिकटतं.

वाळवताना फोमचं तोंड खाली, वेल्क्रो वर, म्हणजे पाणी डिंकाकडे न जाता खाली उतरतं. मी जाळीच्या चाळणीवर ठेवते, सावलीत. कडक उन्हात फोम ठिसूळ होतो.

पावसात मात्र एक युक्ती. आधी टॉवेलमध्ये दाबून जेवढं पाणी काढता येईल तेवढं काढा, मग पॅड मशीनला लावून रिकाम्या बादलीत तोंड खाली धरा आणि अगदी मंद गतीने फिरवा. उरलेलं पाणी बादलीच्या भिंतीवर उडतं. त्यानंतर पंखा, आणि दिवाणखान्यातली नाराजी. पूर्ण कोरडं झाल्यावरच झिपच्या पिशवीत. पिशवीवर मार्करने लिहा, कुठल्या पॉलिशचं पॅड आहे ते. कंपाऊंडचं पॅड धुतलं तरी कंपाऊंडचंच.

---

एक_वाचक

वॉशिंग मशीनमध्ये टाकली तर?

---

मृद्गंध (ठाणे)

मायक्रोफायबरची एकदा टाकली होती, जाळीच्या पिशवीत, नाजूक सायकलवर. बरी निघाली. फोम टाकू नये. आणि त्याच फेरीत आईचा खादीचा सदरा नसावा, हे अनुभवाने सांगते. वेल्क्रोला खादी फार आवडते.

---

आंब्याची_पेटी (कुडाळ)

बादलीची युक्ती आजच करून बघितली. पहिल्यांदा वेग जास्त झाला, बादली नाचत अंगणात गेली. दुसऱ्यांदा जमलं.

अजून एक शंका. वडिलांची नव्वदच्या दशकातली लाल गाडी आहे, पुढच्या महिन्यात तिला हात लावायचा विचार आहे. कोपऱ्यात थोडं घासून बघितलं तर पॅड लाल झालं! रंग निघतोय की काय, म्हणून लगेच थांबलो.

---

सांडपेपर (कोल्हापूर)

घाबरू नका. रंग निघतोय, पण तो तसाच निघतो. तुमच्या गाडीवर क्लिअर कोट नसणार, नुसता रंगच वरचा थर. असल्या रंगाचं वरचं कातडं उन्हाने मेलेलं असतं, पांढुरकं पडतं, ते पॅडवर उतरतं आणि खालचा ताजा लाल दिसतो. फार सुंदर दिसतात हो अशा गाड्या.

पण दोन गोष्टी. पॅड फार लवकर भरणार, म्हणून दर तुकड्याला पुसा आणि दुप्पट पॅड हाताशी ठेवा. आणि ती पॅडं लाल गाडीचीच. मागे आमच्या पोराने लाल गाडीचं पॅड नुसतं खंगाळून पांढऱ्या गाडीवर लावलं, गाडी गुलाबी दिसायला लागली. निघालं पुसून, पण गिऱ्हाईक समोर उभं होतं.

जुन्या गाडीचे कोपरे आधी कुणी किती वेळा घासलेत ते देवाला माहीत. कडांना हातच लावू नका.

---

फिरस्ता४७ (पुणे)

अपडेट. शनिवार-रविवार घालवला.

गाडी धुतली, क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी, फिरवला (हात काळे झाले, गाडी इतकी घाण होती हे माहीत नव्हतं). बॉनेटच्या मधोमध टेप लावून अर्ध्यावर मधलं पॅड आणि बारीक पॉलिश. अल्कोहोलच्या पातळ पाण्याने पुसून मोबाईलचा टॉर्च मारला. जाळं बहुतेक गेलेलं! थोडे खोल ओरखडे राहिले, ते राहू दे म्हटलं. कटिंग पॅड पाकिटातून काढलंच नाही.

मार्करच्या रेघेबद्दल मृद्गंधताईंना साष्टांग. पहिली दहा मिनिटं रेघ जागची हलत नव्हती. मी मशीनवर असा ओणवा झालो होतो जणू पीठ मळतोय. हात हलका केला आणि फिरायला लागली.

चौथ्या पॅडला मात्र घात झाला. दाराचं काम चालू असताना ते हातातून सुटून जमिनीवर पडलं. दिसायला स्वच्छ होतं, फुंकर मारली आणि लावणार, तेवढ्यात सांडपेपरदादा आठवले. टॉर्चखाली बघितलं तर फोममध्ये वाळूचे दोन कण रुतलेले. ते पॅड बाजूला, थेट बादलीत.

उजवी बाजू आणि छत बाकी आहे, रविवारी दुपारी वीज गेली. पॅडं गच्चीवर चाळणीत वाळत ठेवली होती, एक कावळ्याने टोचून खाल्लं. पिवळं होतं, त्याला काय वाटलं कुणास ठाऊक.

---

मायक्रॉन (चाकण)

कटिंग पॅड न उघडल्याबद्दल अभिनंदन. आता खरा प्रश्न. सहा वर्षांत हे जाळं विणलं कोणी? सकाळी गाडी कोण पुसतं?

---

फिरस्ता४७ (पुणे)

सोसायटीत एक काका येतात, पहाटे साडेपाचला. एक बादली, एक फडकं, अठरा गाड्या. धुळीवरच कोरडं फडकं, मग ओलं.

---

सांडपेपर (कोल्हापूर)

सापडला तुमचा कलाकार.

---

फिरस्ता४७ (पुणे)

काल त्यांच्याशी बोललो. म्हटलं, काका, आजपासून माझ्या गाडीला फडकं लावायचं नाही, रविवारी मीच पाणी मारून, शाम्पूने धुणार. त्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “पैसे?” म्हटलं, तेवढेच. तर म्हणाले, “मग फक्त काच पुसतो, साहेब. काही न करता पैसे घेतलेले बरे दिसत नाहीत.”

छत पुढच्या रविवारी. तोवर एक फिनिशिंग पॅड आणि कावळ्याच्या बदल्यात एक पॉलिशिंग पॅड मागवलंय.